कोपऱ्यातली जाहिरात

नंदाने पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि नवऱ्याच्या खांद्यावरून हात पुढे काढून ती कम्प्युटरची काच घासायला लागली. सगळी नाही, फक्त उजवीकडचा कोपरा. मच्छिंद्र वर्तमानपत्राच्या साइटवर खताच्या टंचाईची बातमी वाचत होता. त्याचं फाट्यावर बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. युरिया कधी येणार असं लोक सकाळपासून विचारायचे आणि त्यांना सांगायला त्याला काहीतरी लागायचं.

"काय करून राह्यली?" त्याने मान न वळवता विचारलं.

"डाग पडलाय. माशीनं घाण केली," ती म्हणाली. नेमका डाग हाच शब्द तोंडातून गेला, म्हणून तिने जीभ चावली.

पदराखाली जाहिरात होती. एका बाईची उघडी पाठ, अर्धी गव्हाळ, अर्धी पांढरीफटक, आणि खाली इंग्रजीत पांढऱ्या डागांवर हमखास इलाजाची ओळ. नंदाला इंग्रजी अडखळत वाचता यायचं, पण ही ओळ तिला आता वाचावी लागत नव्हती.  मच्छिंद्रने ते पानच बंद केलं, दुकानाला उशीर झाला म्हणाला आणि अर्धा चहा कपात ठेवून उठला. तो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती दारात उभी होती. त्याने पाहिलं की नाही? तिला काही म्हणजे काही कळेना. ती उंबऱ्यावरच बसली.

गोष्ट एवढीच होती की नंदाच्या अंगावर कोड होतं आणि ते सासरी कुणालाही ठाऊक नव्हतं.

कमरेच्या मागे, मणक्याच्या डाव्या अंगाला. बारावीच्या वर्षी नखाएवढं दिसलं होतं, लग्नापर्यंत पुरीएवढं झालं. आईने बावचीचं तेल चोळलं, भोकरदनहून पुड्या आणल्या, रेणुकाईला नवस बोलली, आणि शेवटी एकच गोष्ट बजावली, की सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा बोलायचं नाही. लपवायला अवघडही नव्हतं. पाहायला आलेल्या बायका हात पाहतात, पाय पाहतात, वेणी सोडायला लावतात, अंगणातून चालवून पाहतात. कंबर कोण पाहतं? अशी पिंपळगाव रेणुकाईची बेबीनंदा वडीगोद्रीला आली आणि सगळ्यांची नंदा झाली. वर्ष उलटून गेलं तरी नवऱ्याला पत्ता लागला नाही, कारण रात्री वीजच नसायची. भारनियमनाला सगळं गाव शिव्या घालायचं. ही एकटी मनातल्या मनात दुवा द्यायची. दिवसा परकराची नाडी जरा वर बांधली की झालं.

पण ह्या उन्हाळ्यात डाग सरकला. न्हाणीत आरसा धरून तिने पाहिलं तर त्याची कड कुशीकडे आली होती, पोलकं संपतं आणि साडी सुरू होते त्या उघड्या पट्टीकडे. अजून दोन बोटं सरकला असता, तर पाणी भरायला वाकलेल्या नंदाकडे पाहून कुणालाही कळलं असतं. तेव्हा तिने कम्प्युटरवर इलाज शोधायचं ठरवलं.

सासू द्वारकाबाई शेतात खुरपणीला गेली होती, मच्छिंद्र जालन्याला मोंढ्यात माल आणायला. कम्प्युटर बैठकीत होता, त्यावर द्वारकाबाईने विणलेलं जाळीचं कापड असायचं. नंदाने कापड बाजूला केलं, टेलिफोनच्या लाइनवरचं इंटरनेट लावलं आणि पांढऱ्या डागांचं शोधलं. एका साइटवर बरंच काही लिहिलं होतं, फोटो होते, काही कळलं, काही नाही. उठताना तिने हिस्टरी पुसली. लग्नानंतर फाट्यावरच्या क्लासमध्ये तिने कम्प्युटरचा कोर्स केला होता. बाकीचं बहुतेक विसरली होती, पण हिस्टरी पुसायची कशी हे पक्कं ध्यानात होतं. पुसली आणि निर्धास्त होऊन भाकरी टाकायला गेली. कसलं निर्धास्त!

दुसऱ्या दिवशीपासून ती पाठ तिच्या पाठीस लागली. गाण्यांच्या पानावर ती, हवामानाच्या पानावर ती, लोणच्याच्या कृतीशेजारी ती. क्रिकेटचा आणि कोडाचा काय संबंध? पण धावफलकाच्या बाजूलाही तीच. नंदा कुठेही गेली तरी ती आधीच येऊन बसलेली असायची. असल्या जाहिराती तिला नव्या नव्हत्या. अंबडच्या स्टँडवर मुतारीच्या भिंतीला रंगवलेल्या असतात, आपण गाडीत बसलो की भिंत मागे राहते. ही मागे राहत नव्हती. तिला वाटायला लागलं की ह्या डबड्याला आपलं सगळं माहीत झालंय आणि ते आता घरभर सांगत सुटलंय.

आणि सांगितलं तर काय होतं, हे तिने ह्याच गल्लीत पाहिलं होतं. साळूबाईच्या थोरल्या सुनेच्या मनगटावर असाच डाग निघाला. कुणी भांडलं नाही, हात उगारला नाही. पंचमीला भाऊ न्यायला आला, तेव्हा साळूबाईने सुनेला नव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, वेशीपर्यंत पोचवायला गेली. आणि मग तिला आणायला कुणी गेलंच नाही. पोळा झाला, दिवाळी झाली. तिच्याकडची माणसं आली की साळूबाई चहा द्यायची आणि म्हणायची, पाहू, सध्या कामाचे दिवस आहेत. आता त्या घरात दुसरी सून नांदते. नंदाला शिव्यांची, माराची एवढी भीती वाटत नव्हती. असं काहीच न बोलता आपल्याला माहेरी ठेवून देतील, ह्याची वाटायची. शिवाय धाकट्या बहिणीचं स्थळ पाहणं चालू होतं. ही परत गेली असती तर तिच्याही दारात कुणी आलं नसतं.

आणि पंचमी जवळ आली होती.

पंचमीच्या आधी गल्लीतल्या पोरी मेंदीची नक्षी पाहायला तिच्याकडे आल्या. इंटरनेट त्या आळीत ह्याच घरात होतं, नाही म्हणणार कशी? शेजारची गोजरबाईही लेकीबरोबर आली आणि खुर्चीमागे उभी राहिली. नंदाने पान उघडलं. मेंदीने भरलेले हात एकेक करून उमटत गेले, पोरी हरखल्या, आणि त्या हातांच्या शेजारी ती पाठ आली.

गोजरबाईला अक्षर येत नव्हतं. चित्राला अक्षर लागत नाही.

"कोडाचं दिसून राह्यलं हे," ती म्हणाली. "तुमच्या घरात काहून येतं गं असलं?"

सगळीकडेच येतं, असं नंदा म्हणाली. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, आमच्या क्लासच्या कम्प्युटरवर तर मोबाइलची येते. नंदाने टेबलाखाली पाय सारला आणि अंगठ्याने बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. "गेली बाई लाइट," ती म्हणाली. पोरी हळहळल्या. गोजरबाईने मात्र वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता. गोजरबाईने पंख्याकडे पाहिलं, मग नंदाकडे पाहिलं, आणि लेकीला घेऊन निघून गेली.



दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट आणायचं निमित्त करून ती फाट्यावर गेली. भुजंग नावाचा मुलगा तिथे क्लास चालवायचा, वयाने तिच्याएवढाच, पण सगळ्या बायका त्याला सर म्हणायच्या. तिने त्याला सांगितलं, की भोकरदनच्या तिच्या मैत्रिणीने एकदा साड्या पाहिल्या आणि आता जिकडेतिकडे साड्यांच्याच जाहिराती येतात, हिस्टरी पुसली तरी. भुजंगला हसू आलं. त्याच्या डोक्यावर सहा महिने तोच ताप होता, एका पोराने क्लासच्या एका मशीनवर मोटरसायकली पाहिल्या होत्या.

त्याने समजावून सांगितलं. साइटवर गेलं की ती साइट मशीनमध्ये एक चिठ्ठी सोडून ठेवते. पुढच्या साइटवरचा जाहिरातवाला ती चिठ्ठी वाचतो आणि आपण पाहिलेलीच वस्तू पुन्हा पुढे करतो. हिस्टरी पुसली तरी चिठ्ठी तशीच राहते. तिला कुकी म्हणतात, ती वेगळी पुसावी लागते.

"मंग माणूस कोण, ते कळतं का त्याला?" नंदाने विचारलं. 

"माणसाचं न्हाई कळत. त्या मशीनवर कुणीतरी ते पाह्यलं, एवढंच त्याला ठाऊक राहतं."

त्याने कागदावर काढून दिलं, कुठे दाबायचं ते. नंदा घरी आली आणि पदर खोचूनच मशीनपुढे बसली. एकेक चिठ्ठी पुसली. मग भीत भीत हवामान उघडलं, मेंदी उघडली, लोणचं उघडलं. रिंगटोन होत्या, लग्न जमवणाऱ्या साइटी होत्या, कुठल्याशा परदेशी कॉलेजची हसरी पोरं होती. पाठ नव्हती. तिला इतकं हलकं वाटलं की तिने संध्याकाळी, कुणी सांगितलं नसताना, पुरणपोळ्या केल्या. द्वारकाबाईने विचारलं, आज कसला सण गं? नंदा नुसती हसली.

ते हलकेपण टिकलं नाही. एका सकाळी मच्छिंद्र दुकानात गेल्यावर तिने पावसाचा अंदाज पाहायला पान उघडलं, आणि उजव्या कोपऱ्यात ती बाई पाठ करून बसलेली होती.

नंदाने तेव्हापासून मशीनला हात लावला नव्हता. कुणी मैत्रीण आली नव्हती, पोरी आल्या नव्हत्या. घरात तीनच माणसं. द्वारकाबाईला वीज आहे की नाही एवढंच कम्प्युटरवरून कळायचं. म्हणजे मच्छिंद्रने पाहिलं होतं. त्याने कोडाचं शोधलं होतं, उघडून वाचलं होतं, आणि तिच्यासारखीच हिस्टरीही पुसली होती, कारण तिने पाहिली तर ती कोरी होती.

आधी ती कम्प्युटरला भीत होती. आता ती नवऱ्याला भ्यायला लागली. त्याला कळलंय आणि तो बोलत नाही. ती वाढताना त्याच्या तोंडाकडे पाहायची, तो ताटात पाहून जेवायचा. फोन आला की उठून अंगणात जायचा आणि भिंतीकडे तोंड करून बोलायचा. रात्री कुशीवर वळून झोपायचा. द्वारकाबाई रोज त्याच्या मागे लागली होती, की पंचमी आली, उषाला आणायला कधी जातो? उषा त्याची धाकटी बहीण, शहागडला दिलेली. शहागड काय लांब आहे, असं द्वारकाबाई म्हणायची. दुकान सोडून जाता येत नाही, असं तो म्हणायचा. बहिणीला आणायला दुकान सुटत नव्हतं आणि बायकोला पाठवायची मात्र त्याला भारी घाई झाली होती.

"बद्रीनाथला फोन कर," तो एकदा जेवता जेवता म्हणाला. बद्रीनाथ हा नंदाचा भाऊ. "यंदा जरा आधीच ये म्हणावं. ऱ्हा निवांत. जल्दी न्हाई काही."

गेल्या वर्षी पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी हा माणूस जीप करून पिंपळगावला हजर झाला होता, झोके अजून झाडांवरून उतरले नव्हते. माहेरच्या बायकांनी त्याची काय कमी थट्टा केली? आणि आता म्हणे निवांत राहा. नंदाने मान डोलावली आणि आत जाऊन पाण्याच्या हंड्याशी उभी राहिली. साळूबाईची सून डोळ्यांपुढून हलेना.

तिने आता उलटंच करायला सुरुवात केली. चिठ्ठ्या पुसायच्या नाहीत. तो दुकानात गेला की मशीन लावायचं आणि जाहिराती वाचायच्या. नवरा तोंडाने बोलत नव्हता, पण त्याच्या मनात काय चाललंय ते त्या कोपऱ्यात उमटत होतं. कोडाचा इलाज. मग औरंगाबादचा कातडीचा दवाखाना. मग पुन्हा इलाज. दवाखाना पाहिला तेव्हा तिला एक दिवस आशासुद्धा वाटली, की हा आपल्याला बरं करायला निघालाय. मग पंचमीच्या आठवड्यात वर, ठळक अक्षरांत, वेगळंच आलं. घरबसल्या कायद्याचा सल्ला. त्याखाली तीन शब्द होते, त्यांतला पहिला घटस्फोट. नंदाने तो शब्द दोनदा वाचला, इंग्रजी आपण चुकीचं वाचतोय असं वाटून तिसऱ्यांदा वाचला. चुकीचं नव्हतं.

उद्या बद्रीनाथ न्यायला येणार होता. पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली होती. द्वारकाबाईने सकाळी कासाराला घरी बोलावून तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, मायेने, बोटं दाबून दाबून. नंदा त्या बांगड्यांकडे पाहत होती आणि तिला ओरडावंसं वाटत होतं.

दुपारी मच्छिंद्र जेवायला आला. द्वारकाबाई गोजरबाईकडे गेली होती. नंदाने बैठकीतच ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि मग मशीनपुढे बसून ते लावलं. एकदा घराबाहेर पडलो की विचारता येणार नाही, एवढंच तिला कळत होतं. वर्तमानपत्राचं पान उघडलं. वर कायद्याचा सल्ला, बाजूला ती पाठ.

"आपल्या मशीनवर हे कुणी पाह्यलं?" तिने विचारलं.

मच्छिंद्रचा घास हातात राहिला. आधी तो चिडला. येत राहतं तसलं, म्हणाला, तुला काय करायचं त्याचं. नंदाने सांगितलं, की तसलं आपोआप येत नाही, आधी कुणीतरी पाहावं लागतं, भुजंग सरांनी शिकवलं आहे.  मच्छिंद्रने ताट बाजूला सारलं. त्याने कपाळावरचा घाम खरकट्या हाताच्या मनगटाने पुसला, आणि नंदाच्या लक्षात आलं की हा चोरी पकडल्यासारखा बसलाय. आता बोलणार, तिला वाटलं. 

"उषाला निघालं," तो म्हणाला.

"काय?"

"कोड. ओठाला अन् बोटाला. पोरगी झाल्यावर."

मग तो बोलतच सुटला, खाली पाहून, तुटक तुटक. शहागडची माणसं म्हणत होती, की तुम्ही लपवून दिली. उषाच्या नवऱ्याने, दाजींनी, वकील गाठला होता. पंचमीला घेऊन जा आणि परत पाठवू नका, असा निरोप आला होता. म्हणून तो आणायला जात नव्हता. ती त्या घरात आहे तोवर आहे, एकदा बाहेर पडली की संपलं. इलाज शोधत होता, दवाखाने शोधत होता, आता कायदाही शोधून पाहिला होता. आईला सांगायची हिंमत नव्हती. आणि नंदाला तर नाहीच. उषा आलीच इथे, आणि नंदाने पाहिलं, आणि पिंपळगावला कळलं, तर बद्रीनाथ म्हणेल ह्यांच्या रक्तातच कोड आहे, आमची पोर फसवून नेली. म्हणून नंदाला आधी माहेरी पाठवायचं, आणि मग जे होईल ते होईल.

"त्या दिवशी तू काच पुसाया लागली," तो म्हणाला, "तव्हा माझा जीवच गेल्ता. म्हणलं, मी काय शोधतो ते समजलं हिला. आता जाती ही निघून."

नंदाला हसू आलं की रडू, तिचं तिला समजलं नाही. इतके दिवस ती ज्याला भीत होती, तो तिलाच भीत होता. त्याला काही माहीत नव्हतं. काहीच नाही.  ती सुटली होती. उद्या बद्रीनाथबरोबर गेली असती, झोके खेळली असती, आणि हा जीप घेऊन आणायला आला असता. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायची तिला सवय होती.

"लग्नाच्या आधी होतं का उषाताईंना?" तिने विचारलं.

"न्हाई. बिलकुल न्हाई." त्याने मान वर केली. "लपवून दिली असती तर मीच म्हणलो असतो, नका ठेवू. फसवणूक ती फसवणूकच. पण आम्ही काही लपवलं न्हाई."

नंदाने नव्या बांगड्यांचे हात पदराखाली घेतले. 

मच्छिंद्रला ते दिसलं नाही. तो अजून बहिणीपाशीच होता. दुकानात गिऱ्हाइकाला तोडून बोलणारा माणूस, पण आता तो बायकोकडे अशा डोळ्यांनी पाहत होता, की तिला ते पाहवेना.

"तिला आणावीच लागली इथं, तर तू सांभाळून घेशील न?" तो म्हणाला. "एका ताटात जेवशील तिच्यासंगं? खरं सांग. तुला किळस न्हाई येणार?"

नंदाला नुसतं नाही म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण तो शब्द खोटा नसूनही त्याच्या मागे एवढं खोटं उभं होतं, की तो बाहेर पडेना. ती उठली. उघड्या दारातून उन्हाची पट्टी बैठकीत आली होती, तिच्यात जाऊन ती नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. डाव्या अंगाची साडी सोडली. परकराची नाडी वर आणि घट्ट बांधलेली होती, गाठ लवकर सुटेना. नखं लागून कातडी सोलली तरी ती ओढत राहिली. शेवटी सुटली. तिने परकर चार बोटं खाली केला.

"हे लग्नाच्या आधीचं हाये," ती म्हणाली.

 वळून पाहायचा धीर तिला झाला नाही. पाठीवर ऊन लागत होतं, आणि इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच लागत होतं. गल्लीतून द्वारकाबाईचा आवाज ऐकू आला, गोजरबाईशी बोलत बोलत ती घराकडे येत होती. मच्छिंद्र उठल्याचं तिला कळलं. तो तिच्या बाजूने, तिला न शिवता, दाराकडे गेला. गेला, नंदाने मनात म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.

दार लोटल्याचा आवाज झाला. ऊन गेलं. मग आतली कडी पडली.

त्या गल्लीत दिवसा दार कुणी लावत नाही. मर्तिक झालं तरी उघडं असतं. बाहेरून द्वारकाबाईने फळीवर थाप मारली.

"अरे, दार काहून लावलं दिवसाढवळ्या?"

"थांब जरा, आई," मच्छिंद्र म्हणाला.

तो दाराला पाठ लावून उभा होता. अंधारात त्याचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता. कोपऱ्यात भरून ठेवलेल्या पिशवीकडे तो पाहत होता, की जमिनीकडे, तेही कळत नव्हतं.  बाहेर गोजरबाई काहीतरी कुजबुजली आणि द्वारकाबाईने पुन्हा थाप मारली.

"उद्या बद्रीनाथ आला," तो अगदी हळू म्हणाला, बाहेर ऐकू जाऊ नये असं, "की त्याला म्हणावं, यंदा न्हाई जमत."

नंदाने नाडी बांधली, साडी खोचली, डोळे पुसले आणि सासूला दार उघडायला गेली.